कोरिओलॅनस दोन, हुकूमशहा एकच

सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबऱ्या वाचलेल्यांना पॅनेम या कल्पित देशाचा हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष कोरिओलॅनस स्नो कोण हे सांगायला नको. त्याचे नाव ‘एका रोमन हुकूमशहावरून’ घेतले आहे, हे विधान मात्र इतक्या ठिकाणी वाचावे लागते की त्याचा आता वीट आला आहे. मूळचा कोरिओलॅनस, म्हणजे ग्नेयस मार्शियस, हा प्रजासत्ताक रोमच्या आरंभकाळातला दंतकथेतील योद्धा. व्होल्सी लोकांचे कोरिओली हे नगर जिंकल्यामुळे त्याला ‘कोरिओलॅनस’ ही उपाधी मिळाली. स्नोला ती बारशालाच मिळाली, हा फरक किरकोळ. राज्य मात्र मार्शियसने कधीच केले नाही. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलॅनस’ नाटकात तर हाती आलेले कॉन्सलपदही, म्हणजे रोमचे सर्वोच्च निवडून दिलेले पदही, निसटते.

घोटाळ्याला थोडे कारण आहे, कारण दोघांच्याही कथेत भूक हे हत्यार आहे. रोमन इतिहासकार लिव्हीनुसार, टंचाईत सिसिलीहून धान्य आले तेव्हा, सामान्यांना ते जुन्या दराने हवे असेल तर त्यांनी आपले ट्रिब्यून, म्हणजे त्यांचे हक्क जपणारे अधिकारी, सोडावेत, असे मार्शियसने सुनावले. स्नोच्या पॅनेममध्ये गरीब मुलांना धान्य आणि तेल मिळते, पण त्या बदल्यात जीवघेण्या खेळांसाठी मुले निवडणाऱ्या सोडतीत आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

पण मार्शियस हे भर सेनेटमध्ये बोलतो, आणि खरा भेद इथेच आहे. त्याला सोंग आणता येत नाही. शेक्सपिअरचा नायक मते मागण्यासाठी साधा झगा घालून उभा राहतो खरा, पण अंगावरच्या जखमा लोकांना दाखवणे त्याला जमत नाही. आईने पढवून पाठवल्यावरही ‘देशद्रोही’ हा एक शब्द कानी पडताच तो भडकतो आणि हद्दपारी ओढवून घेतो. स्नोचे सारे आयुष्यच सोंग आहे. 2020 च्या पूर्वकथेत त्याच्या घरी कोबी शिजतो आणि त्या दारिद्र्याचा वास बाहेर जाऊ नये याची त्याला धास्ती असते. जुन्या सदऱ्याला न्हाणीघरातल्या फरशीच्या तुकड्यांची बटणे लावून तो श्रीमंतांत मिरवतो. पुढे मित्र सेजानसचे बोलणे तो चोरून टिपतो, मित्र फासावर जातो, आणि त्याच मित्राच्या आईबापांच्या पैशावर हा वर चढतो.

मार्शियस मला मुळीच आवडत नाही, पण कपटी तो नव्हे. स्नोचा रोमन नमुना शोधायचाच असेल, तर सम्राट टायबेरियसच्या मर्जीतला, इ. स. 31 मध्ये देहान्त शासन झालेला कारस्थानी सेजानस कितीतरी जवळचा आहे. आणि कॉलिन्सबाईंनी ते नाव नेमके त्या भोळ्या मित्राला दिले आहे.