आडनावापुरते उरलेले खेळाडू

१८५१ मध्ये लंडनला बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. सोळा खेळाडू होते आणि जिंकला जर्मनीचा अडॉल्फ अँडरसन. त्याच यादीत जे. आर. मकलो असं एक इंग्रज नाव आहे. या मकलोने पहिल्या फेरीत ई. एस. केनेडीला २-० असं हरवलं आणि दुसऱ्या फेरीत एलायजा विल्यम्सकडून ०-४ असा सपाटून मार खाल्ला. त्याच्या चाली आजही पटावर मांडून बघता येतात. पण तो कुठला, किती वर्षांचा, पोटासाठी काय करायचा, यातलं काहीही ती यादी सांगत नाही. शिवाय स्पर्धेत केनेडी दोन होते. दुसरा कॅप्टन एच. ए. केनेडी, ब्रायटनचा. नुसतं 'केनेडी' लिहिणाऱ्याने दोन माणसांचा एक करून टाकला की पुढचे सगळे तीच चूक उतरवून घेतात.

बुद्धिबळात डाव लिहून ठेवायची रीत असल्यामुळे खेळ टिकतो आणि खेळणारा 'मिस्टर अमुक' एवढाच उरतो. अशा विस्मृतीत गेलेल्या इंग्रज खेळाडूंचा माग काढणाऱ्यांची एक छोटी पण चिवट जमात आहे. अमेरिकेच्या जेरेमी गेज यांनी १९८७ मध्ये जगभरच्या हजारो बुद्धिबळपटूंच्या जन्म-मृत्यूच्या तारखा एका कोशात आणल्या, तेव्हापासून या कामाला शिस्त आली. आतापर्यंत कोण सापडले, यापेक्षा 'सापडला' हे ठरवतात कसं, यात मला जास्त रस आहे.

कच्चा माल भरपूर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून होते. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, आणि तिथे बाप्तिस्म्याची तारीख मिळते, जन्माची मिळेलच असं नाही. जनगणनेत घरोघरची नावं १८४१ पासून सापडतात. मात्र त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचं, अशी सूचना होती. म्हणजे ३४ वर्षांचा माणूस कागदावर ३० चा. १८५१ ची जनगणना खूपच कामाची, कारण तिच्यात जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातंही आहे. ती झाली ३० मार्चच्या रात्री, लंडनच्या स्पर्धेआधी जेमतेम दोन महिने. १८५८ पासून सिद्ध झालेल्या मृत्युपत्रांच्या छापील याद्या आहेत, त्यांत पत्ता, मृत्यूची तारीख आणि मागे ठेवलेली मालमत्ता मिळते. जुनी वर्तमानपत्रं तर २०११ पासून शब्द टाकून घरबसल्या शोधता येतात, आणि त्या काळच्या बुद्धिबळाच्या सदरांत क्लबांचे निकाल, चिटणिसांचे पत्ते, वाचकांना दिलेली उत्तरं असं बरंच काही सापडतं.

अडचण सुरू होते ती नाव जुळल्यावर. समजा, शंभरात एक माणूस स्मिथ आहे आणि लाखात एक मकलो. मोठ्या शहरात स्मिथ सापडणं म्हणजे काहीच न सापडणं. मकलो सापडला तर कान टवकारावेत. हा साधा विचार कॅनडाच्या हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी १९५९ मध्ये संगणकावर आणला, आणि १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर या दोघांनी त्याला पक्कं गणित दिलं. प्रत्येक जुळणीला दोन प्रश्न विचारायचे. माणूस एकच असेल तर ही गोष्ट किती वेळा जुळेल? आणि माणसं वेगळी असतील तर ती निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळेल? या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे त्या पुराव्याचं वजन. आडनाव, गाव, वय, धंदा अशी वजनं एकत्र करत जायचं. न जुळणाऱ्या गोष्टीही मोजायच्या. तुमचा उमेदवार १८६८ मध्ये वारला आणि खेळाडू १८७१ मध्ये क्लबसाठी सामना खेळतोय, तर बाकी सगळं कितीही छान जुळो, तो उमेदवार बाद.

या गणितातली मेख अशी, की पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात, आणि इंग्रज घरांत ते नसतात. थोरल्या मुलाला बापाचंच नाव, तेच गाव, तोच धंदा, प्रसंगी तोच क्लब. चार गोष्टी जुळल्या असं वाटतं, प्रत्यक्षात एकच जुळलेली असते.

भारताशी जोडलेलं एक उदाहरण तर फारच बोलकं आहे. १८२९ मध्ये मद्रासला एका गॅम्बिटचं, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरा देऊन हल्ला चढवणाऱ्या डावपेचाचं, विश्लेषण छापलं गेलं. लेखक गुलाम कासिम आणि मद्रासच्या मुलकी सेवेतले जेम्स कॉक्रेन. त्याच काळातला दुसरा जे. कॉक्रेन म्हणजे स्कॉटिश बॅरिस्टर जॉन, जो पुढे कलकत्त्यात राहून खेळला. आडनाव तेच, आद्याक्षर तेच, नाद तोच, देशही तोच, पण माणसं दोन. वेगळी करतात ती फक्त शहर आणि नोकरी. या जॉन कॉक्रेनचा कलकत्त्यातला प्रतिस्पर्धी महेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजांनी त्याचं नाव ऐकू आलं तसं लिहिलं: मोहिशुंदर, मोहेशचंदर, बोनर्जी, बॅनर्जी. अशा वेळी साउंडेक्स ही युक्ती कामी येते. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट निघालं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. आज रूढ असलेल्या नियमांनी मोहिशुंदर आणि मोहेशचंदर दोन्ही एम-२५३ होतात, बोनर्जी आणि बॅनर्जी दोन्ही बी-५६२.

मात्र नावच बदललं असेल तर साउंडेक्स काय करणार? १८५८ मध्ये नामवंत अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीशी खेळलेला 'ऑल्टर' म्हणजे टोपणनावाने खेळणारे रेव्हरंड जॉन ओवेन, कारण पाद्रीबुवांनी खेळात नाव झळकवणं तेव्हा अनेकांना खटकायचं. ओवेन निदान उघड गुपित होतं. १८६६ मध्ये पहिलं अधिकृत ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणाऱ्या सेसिल डी व्हिअरचं पूर्ण नाव व्हॅलेंटाइन जॉन सेसिल डी व्हिअर मॅथ्यूज. 'डी' खाली शोधणारा चुकीचीच वही उघडून बसतो. जन्म १४ फेब्रुवारीचा, म्हणून व्हॅलेंटाइन. विजेतेपद विसाव्या वर्षी, मृत्यू एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, क्षयाने. आणि ज्याने वर्षानुवर्षं आपल्या सदरातून इतरांची नावं छापली त्या हॉवर्ड स्टॉन्टन या नामवंत इंग्रज बुद्धिबळपटूच्या स्वतःच्या जन्माची नोंद संशोधकांना सापडलेली नाही. आपण एका अर्लचे अनौरस पुत्र असल्याचं तो सांगायचा म्हणे. कागद नाही.

कोण सापडतं आणि कोण नाही, यात उघड पक्षपात आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा सामना १८७३ पासूनचा. त्यातल्या खेळाडूंची चरित्रं विद्यापीठांच्या नामावल्यांत आयती मिळतात. पाद्री आणि डॉक्टर यांच्या छापील निर्देशिका होत्या. कारकून, विणकर, दुकानदार यांच्या नव्हत्या. स्त्रियांचं तर विचारूच नका. दोन हजारांवर कूटप्रश्न रचणाऱ्या एडिथ बेअर्ड छापल्या गेल्या त्या 'मिसेस डब्ल्यू. जे. बेअर्ड' म्हणून, आणि त्यातली आद्याक्षरं नवऱ्याची! १८९७ मध्ये लंडनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे १९ पैकी १८ डाव जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून मेरी रज पहिल्या आल्या. त्या अविवाहित, त्यामुळे जन्मापासून मृत्यूपर्यंत एकाच आडनावाने सापडतात. दुसऱ्या आलेल्या 'मिसेस फेगन' म्हणजे माहेरच्या लुईझा बॅलार्ड. त्यांचा जन्म नेपल्सचा, म्हणजे इंग्लंडच्या जन्मनोंदी चाळून उपयोग नाही. लग्नाची नोंद हा एकच पूल असतो, आणि तो मिळाला नाही तर एकाच बाईच्या दोन अर्धवट नोंदी कोशात शेजारी शेजारी राहतात.

विसाव्या शतकातले खेळाडू शोधणं सोपं असेल असं वाटतं, पण जनगणनेचे कागद शंभर वर्षं बंद ठेवतात. १९२१ चे २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. मध्ये आधार आहे तो सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धासाठी केलेल्या नोंदवहीचा. तीत नेमकी जन्मतारीख असते, आणि पुढे लग्न झालेल्या कित्येक बायकांचं नवं आडनाव कारकुनाने जुन्याच्या वर खरडलेलं असतं. त्यानंतरची जनगणना १९५१ ची. ती उघडेल २०५२ मध्ये.