ग्राहकाचे बाह्यरूप आणि दुकानातील वागणूक

दुकानात शिरलेल्या माणसाचे कपडे, पादत्राणे, घड्याळ, पिशवी, शरीरयष्टी, वर्ण किंवा बोलण्याची धाटणी पाहून विक्रेत्याने त्याच्याशी कमीअधिक आस्थेने वागणे, हा सेवाव्यवसायातील भेदभावाचा एक प्रकार आहे. ‘तोंड पाहून टिळा लावणे’ हा वाक्प्रचार त्याला चपखल बसतो. प्रत्यक्ष दुकानांत केलेल्या प्रयोगांत असा फरक पुन्हा पुन्हा आढळला आहे. तो किती पडतो आणि कोणाच्या बाजूने झुकतो, हे मात्र मालावर, भाव ठरवण्याच्या पद्धतीवर आणि विक्रेत्याच्या सरावावर अवलंबून असते.

विक्रेत्याचे भांडवल म्हणजे त्याचा वेळ. एकाच वेळी तीन गिऱ्हाइके आली आणि विक्रीवर कमिशन मिळत असले, तर आधी कोणाकडे जायचे हे त्याला काही सेकंदांत ठरवावे लागते. गिऱ्हाइकाची मिळकत विचारता येत नाही आणि त्याचा हेतूही दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या खुणांवरून अंदाज बांधला जातो. अर्थशास्त्रात याला ‘सांख्यिकीय भेदभाव’ म्हणतात. एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मांडणी केली. त्याआधी १९५७ मध्ये गॅरी बेकर यांनी निव्वळ नावडीतून होणाऱ्या भेदभावाचे विश्लेषण केले होते. दुकानात या दोन्हींच्या जोडीला चोरीचा संशयही असतो. तो बहुधा साध्या कपड्यातल्या तरुणांवर आणि अल्पसंख्य गटांतील लोकांवर घेतला जातो.

या अंदाजात एक मोठा दोष आहे. ज्याच्याकडे दुर्लक्ष झाले तो काही न घेताच निघून जातो, आणि ‘हा घेणारा नव्हताच’ ही विक्रेत्याची समजूत आणखी पक्की होते. चुकीच्या अंदाजामुळे बुडालेली विक्री कोणत्याच हिशेबात येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसालाही आपला अंदाज किती वेळा फसला हे कळत नाही. दुकानदार ज्याला ‘गिऱ्हाईक ओळखण्याची नजर’ म्हणतात, तिच्यावर फार विसंबू नये ते यासाठीच.

माल द्यायला उघड नकार सहसा मिळत नाही. फरक बारीकसारीक वागण्यात उतरतो: स्वागताला लागणारा वेळ, नजरेला नजर देणे, हसणे, काउंटरमागून बाहेर येणे, बंद कपाटातली वस्तू काढून हातात देणे, हवा तो आकार आतून शोधून आणणे. याउलट न विचारताच ‘ते महाग आहे’ म्हणणे, एका शब्दात उत्तर देणे किंवा गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरणे ही अनादराची लक्षणे आहेत. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते आणि तक्रारीत मांडताही येत नाही. भोगणाऱ्याला मात्र ती पहिल्या मिनिटातच जाणवते.

एडन किंग, मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच स्त्रिया कधी आपल्या मूळ रूपात, तर कधी लठ्ठ दिसतील असा पोशाख आतून घालून दुकानांत गेल्या. लठ्ठ दिसताना त्यांच्याशी अधिक तुटकपणे वागले गेले. मात्र त्यांचे कपडे नीटनेटके असले किंवा त्या वजन कमी करण्याच्या प्रयत्नात आहेत असे दिसले, की हा तुटकपणा घटला. यावरून एक महत्त्वाची गोष्ट दिसते: वागणूक बिघडवण्यासाठी निमित्त लागते, आणि ते निमित्त हाताशी नसले की विक्रेता सावरतो.

भाव घासाघीस करून ठरत असेल, तर परिणाम थेट पैशांत मोजता येतो. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ मध्ये शिकागो परिसरातील नव्या मोटारींच्या विक्रेत्यांकडे ३०० हून अधिक भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व खरेदीदारांना बोलण्याचा एकच ठरावीक साचा पाठ करायला दिला होता. तरीही गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी आणि काळ्या पुरुषांना सर्वांत जास्त किंमत सांगितली गेली.

वेशाचा परिणाम मात्र सरळ रेषेत जात नाही. सिल्व्हिया बेलेझा, फ्रान्चेस्का जिनो आणि अनात केनान यांच्या २०१४ मधील अभ्यासात मिलानमधील उंची दुकानांतील विक्रेत्यांना व्यायामाच्या कपड्यांत आलेली स्त्री ही फरचा कोट घालून आलेल्या स्त्रीपेक्षा अधिक ऐपतदार वाटली. रस्त्यावरच्या सामान्य लोकांचे मत याच्या उलट होते. ज्याला अशा दुकानाचा सराव नाही, तो तिथे जाताना खास नटून जातो. ज्याला दडपण वाटत नाही तोच साध्या वेशात शिरतो, असे हे विक्रेते अनुभवाने शिकलेले असतात. पण ही सवलत हेतुपुरस्सर वाटणाऱ्या साधेपणालाच मिळते. दुसरा वेश परवडत नाही असे दिसले, की ती उरत नाही.

दुकानात असा फरक होतो का हे तपासण्याच्या चाचणीसाठी वय, उंची आणि बोलणे शक्य तितके सारखे असलेल्या दोन व्यक्ती घेतात आणि ज्याचा परिणाम तपासायचा तेवढा एकच घटक बदलतात. दोघांनी एकाच दुकानात, सारख्या गर्दीच्या वेळी, पण थोड्या अंतराने जायचे आणि आधी कोणी जायचे हे नाणे उडवून ठरवायचे. बाहेर पडताच, एकमेकांशी न बोलता, स्वागताला लागलेली सेकंदे, दाखवलेल्या वस्तूंची संख्या आणि सांगितलेली किंमत नोंदवायची. ‘चांगले वागले’ अशी मोघम नोंद निरुपयोगी असते. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो चाचणी करणाऱ्यालाच काय सिद्ध करायचे हे ठाऊक असल्याने. तो नकळत आखडून उभा राहतो आणि समोरूनही तसाच प्रतिसाद येतो. म्हणून शक्य तिथे त्याला चाचणीचा हेतू सांगत नाहीत आणि संभाषणाचे ध्वनिमुद्रण तिसऱ्याच व्यक्तीकडून तपासून घेतात. एकदोन भेटींवरून एखाद्या दुकानाला दोषी ठरवता येत नाही.

ऑनलाइन खरेदीत कपडे दिसत नाहीत, पण उपकरण दिसते. ऑर्बिट्झ हे प्रवास आरक्षणाचे संकेतस्थळ मॅक संगणक वापरणाऱ्यांना कधीकधी अधिक महागडी हॉटेले आधी दाखवत असल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. एकाच खोलीचा दर वेगळा नव्हता. बदलला होता तो यादीचा क्रम.

कायद्याचे संरक्षण अपुरे आहे. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद १५(२) धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकानात प्रवेश नाकारण्यास मनाई करतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात सेवा पुरवताना होणारा भेदभाव येतो. मळके कपडे किंवा स्वस्त चपला हे आधार यांपैकी कशातही नाहीत.

दुकानाच्या हातात असलेले उपाय साधे आहेत. प्रत्येक वस्तूवर किंमत छापली की तोंड बघून भाव सांगता येत नाही. गिऱ्हाइके विक्रेत्यांना आळीपाळीने दिली, की पारख करून निवडण्याची सोय राहत नाही. ‘प्रत्येकाशी चांगले वागा’ या सूचनेपेक्षा ‘आत आलेल्या प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात विचारपूस’ असा मोजता येणारा नियम अधिक पाळला जातो. केवळ वैयक्तिक कमिशन न देता काही भाग सर्वांत वाटल्यास साध्या वेशातील गिऱ्हाईक टाळण्याची घाई कमी होते, मात्र वाटा फार मोठा केला तर मेहनती विक्रेते नाराज होतात.

ग्राहकाने आत शिरताच नेमकी गरज सांगितली – प्रकार, आकार, कधी हवे – तर विक्रेत्याला वेशावरून हेतूचा अंदाज करावा लागत नाही. भाव बोलून ठरणार असेल, तर तोंडी आकड्यावर न थांबता तो लिहून मागावा आणि त्याच वस्तूचा दुसऱ्या दुकानातील लेखी भाव सोबत ठेवावा.