अपिलातही प्रोबेशन मिळू शकतं

बांधावरून हाणामारी, चाळीसगावच्या कोर्टात सहा महिन्यांची शिक्षा, आणि पारावरचा ठरलेला सल्ला: "खाली प्रोबेशन मागितलं नाही ना भाऊ, आता वर काही मिळत नाही." खानदेशात वर्षानुवर्षं चालत आलेलं हे म्हणणं चूक आहे. प्रोबेशन म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर सोडणं.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 चं कलम 11 स्वच्छ सांगतं: अपील किंवा रिव्हिजन (खालच्या निकालाची फेरतपासणी) ऐकणारं न्यायालयही प्रोबेशनचा आदेश देऊ शकतं. म्हणजे जळगाव-धुळ्याचं सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच हा अधिकार मान्य केलाय. सल्लागारांपर्यंत तो अजून पोचायचाय.

मात्र "निर्दोष सुटला" म्हणून गुलाल उधळू नका. दोष कायम राहतो, फक्त तुरुंगाऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी चांगल्या वर्तणुकीचा बाँड येतो. जखमीला भरपाई द्यायचाही आदेश होऊ शकतो. बाँड मोडला, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते.

फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांत कलम 4, म्हणजे बाँडवर सोडण्याची तरतूद, लागू नाही. बाकी ठिकाणी गुन्ह्याचं स्वरूप आणि आरोपीची वागणूक पाहून न्यायालय ठरवतं. आरोपी 21 वर्षांखालचा असेल, तर तुरुंगात धाडण्याची कारणं न्यायालयाला लिहावी लागतात.