नऊची शाळा, पण चौथीपर्यंतच

पहाटेचे सहा. कुकरची दुसरी शिट्टी झालेली, आणि नववीतला मुलगा पलंगाच्या कडेला बसून पेंगतोय. एक मोजा पायात, दुसरा हातात. सातची शाळा असलेल्या घरात हे रोजचंच.

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळांचा विचार करा, असं सुचवलं. ८ फेब्रुवारी २०२४ ला जीआर निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊला किंवा त्यानंतरच भरवायचे. मुलं रात्री उशिरा झोपतात, पावसाळ्या-हिवाळ्यात सकाळी हाल होतात, डब्यासाठी पालकांची ओढाताण होते, ही कारणं. संस्थाचालक आणि बसवाले कुरकुरले. एकाच इमारतीत दोन सत्रं, एकाच बसच्या दोन फेऱ्या. एक वेळ हलवली की सगळंच हलतं.

पण रेघ चौथीवर का ओढली? झोपेचं शास्त्र बोट दाखवतं ते त्यापुढच्या मुलांकडे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. लवकर आडवं केलं तरी डोळा लागत नाही, त्यात दरवेळी मोबाइलचाच दोष नसतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. अकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्याच्या वाट्याला येतात साडेसहा.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावाने १९९६ मध्ये हायस्कूल ७.२० वरून ८.३० वर नेलं, पुढच्या वर्षी मिनियापोलिसनेही वेळ बदलली. सिएटलने २०१६ मध्ये शाळा जवळपास तासभर पुढे ढकलली. मुलं त्या जोरावर रात्री आणखी जागतील, ही भीती होती. मोजलं तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून कायदाच आहे: हायस्कूल साडेआठच्या आधी नाही. फ्लोरिडाने असाच कायदा २०२३ मध्ये केला आणि लागू होण्याआधीच, २०२५ मध्ये, गुंडाळला. तिथेही अडलं ते बसगाड्यांवर आणि खर्चावर.

आपल्याकडे दोन सत्रांच्या कितीतरी शाळांत धाकटे दुपारी येतात, सकाळचं सत्र माध्यमिकचं. त्या माध्यमिकच्या मुलांना या जीआरने काहीच दिलं नाही. आणि दहावीचे जादा तास बऱ्याचदा पहिल्या घंटेच्याही आधी असतात.