सुटकेसवरचं कागदी चिकटकाम

जुनी सुटकेस किंवा पत्र्याची ट्रंक घ्यायची, तिच्यावर छापील कागदाची कात्रणं चिकटवायची आणि वरून वॉर्निश मारायचं, याला कोणी चिकटकाम म्हणतं, कोणी कोलाज, हल्ली डेकुपाज पण म्हणतात. कोलाज हा शब्द फ्रेंचमधल्या चिकटवणे या क्रियापदावरून आलाय आणि डेकुपाज कापून काढणे यावरून. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास चित्रात कागद चिकटवले तिथे कागदाची कड दिसायलाच हवी होती, डेकुपाजमध्ये मात्र वॉर्निशचे इतके थर चढवतात की कड बोटालाही लागत नाही.

उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. काहीजण थेट सायबेरियातल्या पाझिरिक थडग्यांपर्यंत जातात, पण तिथलं काम नमद्याचं म्हणजे जाड लोकरी कापडाचं आहे, कागदाचा संबंध नाही, त्यामुळे हा धागा जरा ओढूनताणून जोडलेला वाटतो. चीनमधली कागदकापणी जुनी आहे हे खरं, पण तिथून ही कला युरोपात कशी गेली ते नीट जुळवता येत नाही. जास्त पटणारं मत व्हेनिसचं: साधारण अठराव्या शतकात पूर्वेकडच्या महागड्या लाखकामाची नक्कल म्हणून तिथले कारागीर छापील चित्रं कापून, रंगवून फर्निचरवर चिकटवायचे आणि वर थरावर थर वॉर्निश द्यायचे, त्याला लाका पोवेरा म्हणजे गरिबाची लाख म्हणत, आणि बासानोच्या रेमोंदिनी छापखान्यातून कापण्यासाठीच चित्रांचे ताव निघत. इंग्लंडच्या मेरी डिलेनी (१७००–१७८८) यांचं नाव या संदर्भात नेहमी येतं. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर केलेली जवळपास हजारभर कागदी फुलं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ती बघण्यासारखीच आहेत, पण ते वॉर्निशखालचं काम नाही.

नाशकात या कामाला कागद कमी पडत नाही. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, शिवाय नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातायत, त्यामुळे घरोघरी पत्रांवरून सोडवलेली तिकिटं असतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो कारण त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, आणि दुकानातली थर्मल बिलं चिकटवूच नयेत, अक्षरं उडून जातात. इंकजेटची प्रिंट ओल्या फेविकॉलखाली पसरते, लेझरची नाही.

मोल्डेड प्लास्टिकची बॅग असेल तर आधी पॉलिशपेपरने घासायची, नाहीतर कागद सालासारखा सुटून येतो. फेविकॉल पाणी घालून पातळ करायचा, कागद ओला झाला की फुगतो म्हणून आधीच थोडा दमट करून घ्यायचा आणि मधून कडेकडे ब्रश फिरवत हवा काढायची. झाकणाच्या फटीवरून कागद सलग चिकटवून वाळल्यावर ब्लेडने कापतात, कड्या आणि बिजागऱ्या मोकळ्या ठेवतात. पूर्वी खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, तो विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर वापरू नये.

नाशकात एप्रिल-मेमध्ये वॉर्निशचा थर पटकन वाळतो, जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणामुळे रात्रभर चिकट राहतो आणि इगतपुरीकडे तर विचारूच नका. अर्धवट वाळलेल्या थरावर दुसरा मारला की आत ओल अडकून पांढुरके डाग पडतात, आणि ते नंतर जात नाहीत.