पायथन स्क्रिप्टमधला होम फोल्डरचा पाथ

स्क्रिप्टची सेटिंग ठेवायची नेहमीची जागा म्हणजे युजरचं होम फोल्डर, आणि लिनक्स-मॅकवर ते थोडक्यात ~ असं लिहितात, म्हणजे टिल्ड. फाइलच्या नावाआधी टिंब लावलं की ती साध्या एलएस कमांडला दिसत नाही, म्हणून अशा फाइल्सना डॉटफाइल्स म्हणतात.

आता गोची अशी आहे की टिल्डचा अर्थ लावायचं काम शेल (म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) करतो, पायथन नाही. फाइल उघडणाऱ्या ओपन() ला ~ हे नुसतं एक अक्षर आहे, त्यामुळे '~/.टूलआरसी' दिलं की फाइल जागेवर असूनसुद्धा फाइलनॉटफाउंडएरर येतो. एरर आला तर बरंच, कारण फोल्डर बनवणाऱ्या ओएस.मेकडर्स() ला असाच पाथ दिला तर ते गुपचूप चालू फोल्डरमध्ये खरोखरचं ~ नावाचं फोल्डर बनवतं, आणि मग कोणी साफसफाई करताना फोल्डर न विचारता काढून टाकणारी आरएम -आरएफ ~ ही कमांड टाइप केली की शेल त्याचा अर्थ होम असा लावतो आणि सगळा डेटा उडतो. असं फोल्डर दिसलं तर कृपया ./~ असंच लिहून काढा.

उपाय सोपा आहे, टिल्डच्या जागी होमचा पूर्ण पाथ घालणारं ओएस.पाथ.एक्सपांडयुजर() वापरा किंवा पायथन ३.५ पासून पाथलिब या पायथनसोबतच येणाऱ्या लायब्ररीत आलेलं पाथ.होम(). लिनक्सवर दोन्ही आधी होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीमने प्रोग्रामला दिलेलं नाव-किंमत सेटिंग) बघतात, ते नसेल तर सिस्टीमच्या युजर यादीतून फोल्डर शोधतात. विंडोजवर ३.८ पासून होम बघतच नाहीत, युजरप्रोफाइल बघतात, म्हणून गिट बॅशमध्ये (विंडोजवर चालणारा बॅश हा शेल) होम बदलून बसलेल्यांची फाइल भलतीकडेच जाते. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, स्क्रिप्ट चालवली तर बऱ्याच सिस्टीमवर होम म्हणजे रूटचं (ॲडमिन युजरचं) होम होतं, मग सेटिंग गायब झाली असं वाटतं.

युजरने कमांडवर दिलेला पाथसुद्धा एक्सपांड करून घ्यायचा, हे बरेच जण विसरतात. --कॉन्फिग ~/क लिहिलं तर शेल टिल्ड उलगडून देतो, पण --कॉन्फिग=~/क असं जोडून लिहिलं तर बॅश त्याला हात लावत नाही, तो तसाच्या तसा पायथनकडे येतो.

थेट होममध्ये फाइल टाकण्यापेक्षा एक्सडीजीचा (लिनक्सवर कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची हे ठरवणारा) नियम पाळलेला चांगला, नाहीतर दहा टूल्सच्या डॉटफाइल्सनी होम भरून जातं. या नियमाप्रमाणे एक्सडीजी_कॉन्फिग_होम सेट असेल तर ते, नसेल किंवा रिकामं असेल तर होममधलं .कॉन्फिग फोल्डर. यातलं 'रिकामं' महत्त्वाचं आहे, कारण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या ओएस.एन्व्हायरन.गेट() ला डिफॉल्ट दिलं तरी व्हेरिएबल रिकामं असलं की रिकामी स्ट्रिंगच परत येते, म्हणून तिथे डिफॉल्टऐवजी 'ऑर' लावायचा. मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट आणि विंडोजवर ॲपडेटा अशा जागा वेगळ्या, तेव्हा तिन्हीकडे चालवायचं असेल तर प्लॅटफॉर्मडर्स ही लायब्ररी सरळ वापरावी.