भूल उतरल्यानंतरचा श्वास : अतिस्थूल रुग्णांविषयी पार्श्वभूमी

बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. १९४२ मध्ये माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी स्नायू सैल करण्यासाठी क्युरारे वापरले, त्यामुळे पोटाच्या शस्त्रक्रिया सुकर झाल्या. पण औषधाचा अंश उरला, तर रुग्ण शुद्धीवर येऊनही पुरेसा श्वास घेऊ शकत नाही, हे नवे संकट त्याबरोबरच आले. अशी औषधे दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे बीचर आणि टॉड यांच्या १९५४ मधील पाहणीत आढळले.

अतिस्थूल, म्हणजे साधारणतः बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असलेल्या रुग्णांत हे संकट दुणावते. उताणे झोपल्यावर पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो, श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा कमी होते आणि भुलेत खालच्या भागातील वायुकोश मिटतात. अतिस्थूल रुग्णांत ते २४ तासांनंतरही पुरते उघडलेले नसतात, हे २००२ मध्ये सीटी स्कॅनच्या अभ्यासातून दिसले. त्यातच झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा विकार असेल, तर मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने धोका आणखी वाढतो. म्हणूनच शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, एवढ्यावर निर्धास्त होणे मला चुकीचे वाटते. त्यानंतरची पहिली रात्रही तितकीच महत्त्वाची असते.

उपाय एकेक करून आले. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनी येथे सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय, मांडले, तर स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम झपाट्याने उतरवणाऱ्या सुगामाडेक्सला २००८ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. खाटेची डोक्याकडची बाजू उंच ठेवण्याला मात्र काहीच खर्च नाही.

खान्देशात जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील रुग्णाला धुळे किंवा जळगाव गाठणे आजही सोपे नाही. घोरणे म्हणजे गाढ झोप, असे अनेक घरांत मानले जात असल्याने नातेवाईक ते डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतर घोरणाऱ्या रुग्णाला आराम मिळतो आहे असे समजून उठवतही नाहीत. टोरांटो येथील फ्रान्सिस चुंग यांनी झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराचा धोका ओळखण्यासाठी २००८ मध्ये मांडलेल्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबणे आणि मानेचा घेर यांसह आठच बाबी आहेत. तिला यंत्र लागत नाही, ती अहिराणीतही विचारता येते, आणि झोपेत श्वास थांबतो का याचे उत्तर रुग्णापेक्षा त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते.